लुटुपुटूच्या लढाईची तालीम

मराठीत नाटकाच्या सरावाला तालीम म्हणतात आणि पैलवान जिथे घाम गाळतात त्या जागेलाही तालीमच म्हणतात. मूळ अरबी शब्दाचा अर्थ शिकवणं, शिक्षण एवढाच. एरवी या दोन तालमींची गाठ पडत नाही. एकीकडे लंगोट आणि तांबडी माती, दुसरीकडे कटिंग चहा आणि कोपरे दुमडलेल्या संहिता. पण कॉलेजच्या संगीतकात दोन टोळ्या समोरासमोर येऊन भिडतात तो प्रसंग बसवायला घेतला की दोन्ही तालमी एकाच खोलीत भरतात. गडबडही बहुतेक ठिकाणी इथेच होते. गाणी तीन महिने घोटली जातात, नाच दोन महिने. मारामारी मात्र शेवटच्या आठवड्यात ‘ते करू रे, त्यात काय’ म्हणून उरकली जाते. मग रंगीत तालमीला कुणाचं तरी नाक फुटतं. नाहीतर सगळ्यांची नाकं शाबूत राहतात आणि प्रयोगात प्रेक्षक हसतात.

पहिल्या दिवशी काठ्या-बिठ्या काही काढू नयेत. एकच गोष्ट डोक्यात आणि अंगात मुरवायची: रंगमंचावरची मारामारी मार खाणारा चालवतो. मारणारा फक्त दिसतो.

हे सांगून पटत नाही, करून पटतं. त्यासाठी केस ओढण्यासारखी दुसरी कसरत नाही. मारणाऱ्याने मूठ वळायची आणि ती समोरच्याच्या टाळूवर नुसती टेकवायची. केस मुठीत घ्यायचेच नाहीत. ज्याचे केस ‘ओढले’ जाताहेत त्याने दोन्ही हातांनी ते मनगट पकडून स्वतःच्या डोक्यावर घट्ट दाबून धरायचं. पाहणाऱ्याला वाटतं, बिचारा हात सोडवायला धडपडतोय. खरं तर तो हात सुटू नये म्हणून धडपडत असतो. मग तो स्वतःच वाकतो, स्वतःच फरफटतो, कुठल्या दिशेने आणि किती वेगाने जायचं तेही तोच ठरवतो. मारणारा त्याच्या मागून चालतो आणि चेहऱ्यावर राग ठेवतो. दहा मिनिटं ही जोडी खेळली की दोघांच्याही लक्षात येतं की बळाचा इथे काही उपयोग नाही. गळा दाबण्याचंही गणित हेच. तळवे गळपट्टीच्या हाडांवर, अंगठे बाहेर, कंठाला स्पर्शही नाही, आणि मनगटं धरलेली असतात ती मार खाणाऱ्याने. ढकलण्यातही तसंच: तळवे खांद्यांच्या पुढच्या भागाला लागतात आणि थांबतात, मागे उडी घेतो तो ढकलला जाणारा.

आता एक थप्पड जवळून पाहू. ठेका केरव्याचा, आठ मात्रांचा. मारणारा प्रेक्षकांकडे तोंड करून, मार खाणारा त्यांच्याकडे जवळपास पाठ करून. दोघांमधलं अंतर असं की हात पूर्ण लांबवला तर बोटांची टोकं नाकापासून वीतभर अलीकडे थांबतील. इथे पहिली चूक होते. मुलं ताठ उभी राहून अंतर मोजतात, आणि प्रत्यक्ष वार करताना वजन पुढच्या पायावर जातं तेव्हा हात तेवढाच वीतभर पुढे सरकतो. म्हणून अंतर झुकून मोजायचं. पहिल्या चार मात्रांत नजरेला नजर आणि एक पाऊल. पाचवीला हात मागे जातो, तोही खांद्याबाहेर, शेवटच्या रांगेला दिसेल इतका. सहावीला मार खाणारा श्वास घेतो. हीच त्याची ‘हो, ये’ म्हणण्याची खूण. सातवीला हात निघतो. आठवीला तो चेहऱ्यासमोरच्या हवेतून आडवा जातो आणि त्याच वेळी मार खाणाऱ्याची हनुवटी त्या दिशेला वळू लागते. समेवर, म्हणजे पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, टाळी वाजते. ही टाळी मार खाणाऱ्याने स्वतःच्या पोटासमोर वाजवलेली असते, पाठ प्रेक्षकांकडे असल्याने ती दिसत नाही. वाजवलेला हात तसाच वर येऊन गालावर बसतो. गालावर हात जाणं स्वाभाविक असल्यामुळे टाळीची चोरीही त्यातच झाकली जाते.

मिनिटाला १६० मात्रांच्या लयीत हे सगळं तीन सेकंदांत होतं. तीन सेकंद म्हणजे फार वेळ गेला असं करणाऱ्याला वाटतं, पाहणाऱ्याला नाही. कोण मारतोय, कशाने मारतोय आणि कुणाला लागलं, या तिन्ही गोष्टी त्याला स्वतंत्र दिसाव्या लागतात. वेगाने उरकलेली थप्पड प्रेक्षकाला कळतच नाही. काहीतरी हललं एवढंच कळतं.

‘पण सर, खरंच मारू द्या ना एक, फील येईल,’ असं म्हणणारा प्रत्येक बॅचमध्ये एक असतो. आणि ‘मार, मला चालेल,’ म्हणणारा दुसरा. या दोघांना सगळ्यात आधी आवरावं लागतं. कानावर पंजा बसला तर पडदा फाटू शकतो, हे एक. दुसरं नटाच्या फायद्याचं आहे. खरी चपराक बसल्यानंतरच्या क्षणी चेहऱ्यावर जे उमटतं ते त्या विद्यार्थ्याचं असतं, पात्राचं नसतं. डोळे मिटतात, पुढचं वाक्य विसरतं, आणि दुसऱ्या प्रयोगात तोच मुलगा हात यायच्या आधीच खांदे आवळून उभा राहतो. एकदा शरीराने भीती शिकली की ती विसरायला महिना जातो. तेवढा महिना कुठल्याही स्पर्धेच्या आधी नसतो.

हे शहाणपण नवं नाही. नाट्यशास्त्रात पायांच्या हालचाली, म्हणजे चारी, सांगणाऱ्या अध्यायात शस्त्रं कशी चालवायची तेही सांगितलं आहे. भारत, सात्वत, वार्षगण्य आणि कैशिक असे चार न्याय, म्हणजे शस्त्र चालवण्याच्या चार पद्धती. पहिल्यात वार कमरेवर, दुसऱ्यात पायांवर, तिसऱ्यात छातीवर, चौथ्यात डोक्यावर. आणि लगेच बजावणी: रंगमंचावर भेदायचं नाही, छेदायचं नाही, रक्त काढायचं नाही, उघड घाव घालायचा नाही, शस्त्र सोडायचं ते केवळ खुणेने. मुलांना चारही न्याय पाठ करायला लावण्यात अर्थ नाही. पण कंबर, पाय, छाती, डोकं अशा चार उंच्या ठरवून त्यांना आकडे देण्याची युक्ती आजही जशीच्या तशी चालते. ‘दोन-चार-एक’ म्हटलं की पायावर, डोक्यावर, कमरेवर. शब्दांपेक्षा आकडे तालात लवकर बसतात.

कोनाकडे वळू. वर सांगितलेली थप्पड समोर मधोमध बसलेल्याला खरी वाटेल. पहिल्या रांगेच्या टोकाला बसलेल्याला दोघांमधली पोकळी दिसेल, आणि बाल्कनीतल्याला तर हात आणि चेहरा यांच्यातून माणूस जाईल एवढी जागा दिसेल. कॉलेजच्या सभागृहात बसवलेली मारामारी बालगंधर्वसारख्या बाल्कनीच्या रंगमंदिरात गेली की फसते, त्याचं कारण हे. म्हणून लढत बसवणाऱ्याने तालमीत एका खुर्चीत बसू नये. डावं टोक, उजवं टोक, आणि उंचीवरून पाहण्यासाठी निदान टेबलावर उभं राहून, अशा तिन्ही जागांवरून प्रत्येक वार बघावा. सगळ्यांना सगळं खरं दिसेल असा कोन नसतोच. मग निवड करायची: दोन महत्त्वाचे वार नेमके मधल्या रेषेवर आणि बाकीच्या ठिकाणी मुक्क्याऐवजी पकड. पकड, झटापट, खांद्याला खांदा लावून रेटणं, हे कुठल्याही कोनातून खरंच दिसतं, कारण ते बरंचसं खरंच असतं.

आवाजाच्या बाबतीत संगीतकाला मोठी सोय आहे. गद्य नाटकात टाळी नटालाच चोरून वाजवावी लागते. इथे वाद्यवृंद बसलेला असतो. ढोलकीच्या शाईवरची एक कडक थाप, हलगीचा एक कडाका किंवा संबळाचा एक ठोका सोटा बसल्याचा आवाज देतो, आणि तमाशाच्या फडात ढोलकीवाला नटाच्या पावलावर, मानेच्या झटक्यावर थाप टाकतो ती सवय इथे उपयोगी पडते. अट एकच: त्याला लढत दिसली पाहिजे. वादकांना विंगेत कोंबून ठेवलं की थाप अर्धा क्षण उशिरा येते, आणि अर्धा क्षण उशिरा आलेली थाप म्हणजे विनोदी नाटक. ढोलकीवाल्याला पहिल्या तालमीपासून बोलवावं, शेवटच्या तीन दिवसांत नव्हे.

कॉलर माइक असतील तर वेगळी डोकेदुखी. छातीवर टाळी वाजवली की स्पीकरमधून तोफ उडाल्यासारखा आवाज होतो; म्हणून टाळी पोटाशी किंवा मांडीवर. माइकची डबी बहुतेक जण पट्ट्याला मागे, बरोबर मणक्यावर लावतात. त्या डबीवर पाठीवर पडणं म्हणजे दगडावर पडणं. ज्याला पडायचंय त्याची डबी बाजूला, कमरेच्या हाडापुढे किंवा मांडीला पट्टा बांधून. आणि हे प्रयोगाच्या दिवशी ठरवायचं नाही. माइक भाड्याचे म्हणून आदल्या रात्री येणार असतील तर तालमीत काडेपेटी दोन पदर चिकटपट्टीत गुंडाळून तिथे बांधावी. मुलं हसतात, पण पडायची पद्धत आपोआप बदलते.

आता लय. मुलांना लढत पाठ झाली की ती वेगाने करायची असते, आणि अपघात होतात ते याच टप्प्यावर, अगदी सुरुवातीला होत नाहीत. मेट्रोनोमचं, म्हणजे ठरल्या लयीत टिकटिक करणारं, ॲप लावून आधी मिनिटाला ४०. इतकं हळू की तोल सांभाळणं अवघड जातं, आणि तेच हवं असतं. एवढ्या संथ गतीत एक खोडी हमखास होते: वार करणारा संथ असतो, पण चुकवणारा भस्सकन मान काढून घेतो. म्हणजे संथ गतीत तो फसवतोय. प्रयोगाच्या वेगात ही सवय त्याला वाराच्या आधीच पळायला लावणार आणि मारणारा रिकाम्या हवेत झोकांडी खाणार. दोघेही सारखेच संथ हवेत. सलग तीनदा एकही चूक न होता झालं की ६०, मग ८०, मग १२०. पुढच्या पायरीवर चूक झाली तर मागच्या पायरीवर यायचं, तिथल्या तिथे पुन्हा करायचं नाही. आणि १६० ही प्रयोगाची लय असेल तर तालमीत तिच्यापुढे कधीच जायचं नाही. प्रयोगाच्या दिवशी रक्त उसळतं, लय आपोआप चढते. त्या चढाला जागा राखून ठेवावी लागते.

तिहाई, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर येणं, हे आपल्या हातातलं उत्तम हत्यार आहे. तीन वारांचा तुकडा तिहाईत बांधला की तिसरा समेवर पडणार हे मारणाऱ्याला, मार खाणाऱ्याला आणि ऐकणाऱ्यालाही आधीच कळतं. कुणी लवकर नाही, कुणी उशिरा नाही. फक्त त्या रात्री तबलजीला नवं काही सुचू नये.

रेकॉर्डेड ट्रॅकवर लढत बसवायची असेल तर मात्र जपून. ट्रॅक कुणासाठी थांबत नाही. एखाद्याचा पाय घसरला, एक मात्रा गेली, की तो ती भरून काढायला पुढचे दोन वार घाईने करतो, आणि समोरचा ठरलेल्या मात्रेची वाट पाहत उभा असतो. यावर उपाय म्हणून लढतीत दर दोन किंवा चार आवर्तनांनी एक ठाणं ठेवावं: दोघे अंतर घेऊन, पवित्र्यात, एकमेकांभोवती फिरताहेत. चुकलं तर मधलं सगळं सोडून सरळ पुढच्या ठाण्यावर जाऊन उभं राहायचं. राहिलेला वार राहू द्यायचा, प्रेक्षकांना संहिता पाठ नसते. वादक प्रत्यक्ष असतील तर काम आणखी सोपं होतं. ठाण्यावर चार मात्रांचा नुसता ठेका फिरत ठेवायचा आणि ठरलेली खूण दिसल्याशिवाय पुढे जायचं नाही. खूण डोळ्यांना दिसणारी हवी, उदाहरणार्थ जमिनीवरची काठी उचलली की. आरडाओरड्यात शब्द ऐकू येत नाहीत.

काठ्या. इथे थोडं गणित करावंच लागतं. पाच फुटी लाठी आणि लांबवलेला हात मिळून वर्तुळाची त्रिज्या सहज सात फूट होते, म्हणजे एका फिरवणाऱ्याला चौदा फूट रुंदी. तीस फुटांच्या रंगमंचावर दोनच जणांना काठी फिरवता येते, मध्ये उरतात दोन फूट. दिग्दर्शकाला मात्र आठ लाठ्या हव्या असतात! तेव्हा फिरवणाऱ्या दोन आणि बाकीच्यांच्या हातात दोन फुटी सोटे, किंवा काहीच नाही. वरचाही विचार करायचा: झालर, खाली ओढलेले दिवे, टांगलेले माइक. कोल्हापूरकडच्या मर्दानी खेळातला एखादा मुलगा गटात असला तर हेवा वाटावा असं नशीब, पण त्याच्याही बाबतीत एक पथ्य पाळावं लागतं. त्याचा हात वार पोचवण्यासाठी घडलेला असतो. त्याला आधी वार थांबवायला शिकवावं लागतं. त्या खेळात सरावासाठी फरी-गदगा असतो, म्हणजे ढाल आणि चामडं चढवलेली काठी, हे त्याला ठाऊक असतं. तेवढ्या आधारावर संवाद लवकर जमतो.

काठीचा वार काठीवर करायचा, माणसावर नाही. डोक्यावरचा वार अडवणाऱ्याने काठी दोन्ही हातांत रुंद धरून कपाळाच्या फूटभर वर आणि थोडी पुढे ठेवायची, बोटं वाराच्या बाजूला न येऊ देता. मारणाऱ्याने त्या दोन हातांच्या बरोबर मधला भाग बघायचा आणि लाकडाला लाकूड लागताच थांबायचं; आरपार जायचा विचारही नको. सगळ्यात जास्त बोटं फुटतात ती अडवणाऱ्याच्या उत्साहाने. तो काठी नुसती धरत नाही, वाराला सामोरी नेतो. मग आघात ठरलेल्या जागेच्या अलीकडे होतो, कधी लाकडावर, कधी बोटांवर. बाजूचे वार अंगापासून हातभर बाहेरच्या हवेत, आणि चेहऱ्याच्या रोखाने टोक पुढे करायचं नाही, कधीच.

काठी कसली, यावरही बरंच अवलंबून. पोकळ वेळूचा आवाज मोठा येतो पण तो उभा चिरतो आणि चिरला की त्याच्या कडा सुरीसारख्या असतात. भरीव वेळू टिकतो, पण जड. वेत चांगला, तो तुटताना तुकडा उडत नाही, तंतू विस्कटतात. टोकांना आणि मध्ये कापडी टेप गुंडाळतात ते ठीक, पण पूर्ण काठी टेपने मढवू नये, आतली चीर दिसत नाही. तेल पाजलेली काठी असेल तर तालमीआधी फडक्याने कोरडी करावी. सुऱ्याबाबत नियम सोपा: लाकडी किंवा बोथट, आणि पातं आत जाणारा खेळण्यातला सुरा अंगावर अजिबात नाही. त्याची स्प्रिंग अडकते, आणि ती अडकेल कधी ते कुणालाच माहीत नसतं. भोसकायचं ते प्रेक्षकांना न दिसणाऱ्या बाजूने, दंड आणि बरगडी यांच्यामधल्या फटीत. रक्ताचा मोह शक्यतो टाळावा. साखरेच्या पाकात खाण्याचा लाल रंग आणि चिमूटभर कोको घातला की दिसायला छान दिसतं, पण दोन चमचे सांडले तरी पुढच्या नाचात सगळे घसरतात, आणि वाळलं की पाय चिकटतात. लाल कापडाची पट्टी मुठीतून सोडली तर मागच्या रांगेला तेवढंच दिसतं.

पडायला शिकवणं सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात गरजेचं. पडायचं नसतं, खाली बसत जायचं असतं. एक पाय मागे, गुडघा खोल वाकवायचा, पोटरीची बाहेरची बाजू, मग मांडी, मग कुल्ला, मग गोल केलेली पाठ, या क्रमाने अंग जमिनीला द्यायचं. हनुवटी छातीला. श्वास सोडत. हात पुढे. मागे हात टेकून शरीर वाचवायची माणसाची उपजत सवय असते आणि मनगट मोडतं ते त्याच सवयीने. सुरुवात जिमच्या मॅटवर करावी. सतरंजीवर नको, ती पायाखालून सरकते. गुडघ्याला पॅड, लेंग्याच्या किंवा धोतराच्या आत. पडल्याचा आवाज तळव्याने जमिनीवर थाप मारून काढायचा, हाडाने नाही.

आणि रंगमंचावरच्या वस्तू. जुलै १९८२ मध्ये बंगळूरला ‘कुली’च्या चित्रीकरणात अमिताभ बच्चन जिवावरच्या दुखापतीतून वाचले, ते मारामारीच्या दृश्यात. घात केला तो टेबलाने. उडीचं टायमिंग चुकलं आणि कड पोटात घुसली. लढत खोलीत बसवतात तेव्हा तिथे टेबल नसतं, आणि नेपथ्य लागतं आदल्या दिवशी. तेव्हा तालमीत पहिल्या दिवसापासून जमिनीवर चिकटपट्टीने प्रत्येक बाकाची, पायरीची, चौथऱ्याची रेघ आखून ठेवावी. आणि त्या रेघेपासून हातभर आत पडणं बसवावं.

गर्दीच्या झटापटीत आठ जण एकाच वेळी जीव तोडून लढले तर प्रेक्षकाला नुसता धुरळा दिसतो. एका वेळी एकच जोडी पूर्ण वेगात, बाकीच्या पकडीत, दम खात. मग डावीकडच्या जोडीचा शेवटचा वार उजवीकडच्या जोडीला पुढे ढकलतो, असा प्रेक्षकाचा डोळा हाताला धरून फिरवायचा. गटातटाच्या लढाईची संगीतकातली सर्वांत गाजलेली रचना म्हणजे न्यूयॉर्कला २६ सप्टेंबर १९५७ रोजी रंगमंचावर आलेल्या ‘वेस्ट साइड स्टोरी’तली. दिग्दर्शक आणि नृत्यरचनाकार जेरोम रॉबिन्स यांनी तालमींना आठ आठवडे मागून घेतले, आणि दोन टोळ्यांचं काम करणाऱ्या नटांना तालमीच्या काळात एकमेकांपासून वेगळं ठेवलं, वैर खरं वाटावं म्हणून. आठ आठवड्यांची नक्कल जरूर करावी. वेगळं ठेवण्याची नको. ते सगळे कसलेले नर्तक होते. वीस वर्षांच्या हौशी पोरांनी ज्याच्या हातात आपलं नाक द्यायचं त्याच्याबरोबर डबा खाल्लेला बरा. आणि दोघांचं खरंच भांडण चालू असेल तर त्यांची जोडी लावू नये, कितीही ‘केमिस्ट्री’ दिसली तरी.

लढतीसाठी एक वस्ताद नेमावा. तो दिग्दर्शक नको, आणि शक्यतो लढणाऱ्यांपैकी मुख्य नटही नको. त्याच्याकडे वही असते: मात्रा, कोण, कुठून, किती नंबरचा वार, कुठल्या पायावर. समोरून आणि बाजूने काढलेले दोन व्हिडिओ. वस्तादाने एक डाव स्वतःकडे राखून ठेवायचा असतो म्हणतात. या वस्तादाने काही राखायचं नाही, आणि नटांनीही नाही. प्रयोगात ऐनवेळी सुचलेला जादा ठोसा हा गुन्हा समजावा, टाळ्या पडल्या तरी. स्पर्श कुठे होणार हे आधी बोलून ठरवायचं, मुलगा-मुलगी असा भेद न करता सगळ्यांशी. थांबवण्याचा शब्द संहितेत नसलेला हवा. ‘थांब’ आणि ‘सोड’ ही तर लढतीतली वाक्यंच असतात, त्यांनी कोण थांबणार? ‘बटाटा’ असा काहीतरी शब्द घ्यावा. तो वादकांनाही माहीत हवा, नाहीतर नट थांबतात आणि ठेका चालूच राहतो. डोक्याला मार लागला तर त्या दिवसाची तालीम त्या मुलासाठी संपली, तो कितीही ‘मी ओके आहे’ म्हणाला तरी. उलटी, गुंगी, बोलण्यात घोटाळा दिसला तर सरळ १०८.

एक गोष्ट फक्त संगीतकातच येते: मारामारीनंतर लगेच गाणं. धापा टाकणाऱ्या माणसाला लांब स्वर धरता येत नाही, आणि लढतीत खरोखर किंचाळलेल्या गळ्याला तर पट्टीच सापडत नाही. आरोळ्या पोटातून, थोड्या आणि ठरवलेल्या. मध्ये निदान सोळा मात्रांचं वाद्यसंगीत, आणि पहिली ओळ कोरसने उचलायची, जे लढले नाहीत त्यांनी. मरता मरता गायचं असेल तर पालथं किंवा सपाट पडून नको. मित्राच्या मांडीवर खांदे आणि डोकं उचललेलं, म्हणजे बरगड्या मोकळ्या राहतात. ज्याला गायचं नाही, नुसतं मरून पडायचंय, त्याने छाती प्रेक्षकांपासून वळवून पडावं. मेलेल्याचं पोट भात्यासारखं हलताना शेवटच्या रांगेलाही दिसतं.

प्रयोगाच्या दिवशी पहिल्या घंटेच्या आधी, प्रेक्षागृहाची दारं उघडण्यापूर्वी, लढत दोनदा करायची. एकदा अर्ध्या लयीत, एकदा प्रयोगाच्या. खऱ्या वेशात, खऱ्या पादत्राणांत, खऱ्या उजेडात. कोल्हापुरी चप्पल पॉलिश केलेल्या फळ्यांवर घसरते आणि अनवाणी पायात फळीची फास शिरते, हे तेव्हाच कळलेलं बरं. अंगठ्या, घड्याळं, कडी, चष्मे उतरवून एका डब्यात. फेट्याचा शेमला आत खोचलेला. केस बांधलेले. लढतीच्या प्रसंगात लाल झोत किंवा धूर असेल तर तोही सोडून बघायचा. धुरात अंतराचा अंदाज चुकतो. कालच तर प्रयोग झाला, आज कशाला, असं दुसऱ्या दिवशी कुणीतरी म्हणतंच. दुसऱ्या दिवशी तर हवीच, कारण पहिल्या दिवसाची भीती गेलेली असते.

मग प्रकाशवाला शिडीवर असतो, ढोलकीवाला वादी ताणून सूर चढवत असतो, आणि वस्ताद ओल्या फडक्याने फळ्या पुसून घेतो. विंगेतल्या टेबलावर काठ्या मोजून ठेवलेल्या असतात: दोन लांब, चार आखूड, एक लाकडी सुरा. प्रत्येक काठीवरून उजेडाकडे धरून अंगठा फिरवायचा. एखादीत नखाला लागेल एवढी चीर सापडली की तिला लाल टेप लावून ती टेबलाखाली टाकायची आणि जादा आणलेली सातवी काठी तिच्या जागी ठेवायची.